बँकर लागेपर्यंतचं कर्जत

लहानपणी कर्जत म्हणजे पुण्याच्या वाटेवरची पाच-सात मिनिटं. गाडी थांबली रे थांबली की बाबा खाली उतरायचे. आई खिडकीला गाल लावून गर्दीत त्यांचा शर्ट शोधत बसायची. मग मागून एक धक्का यायचा, सगळा डबा हलायचा आणि आजोबा म्हणायचे, "लागलं इंजिन." तेवढ्यात तेलकट कागदात बांधलेले वडे घेऊन बाबा दारात हजर. त्या धक्क्याच्या आणि वड्यांच्या पलीकडे कर्जत नावाचं एक गाव आहे, हे चाळीस वर्षांत मी पाहिलंच नव्हतं. या फाल्गुनात दोन दिवस हाताशी होते, म्हणून दादरहून सकाळची कर्जत लोकल पकडली. पुण्याला न जाता, फक्त कर्जतला.

सीएसएमटीपासून कर्जत १०० किलोमीटर. बदलापूरपर्यंत इमारती पाठ सोडत नाहीत. वांगणी गेलं की श्वास घ्यायला जागा होते आणि नेरळला उजवीकडे माथेरानचा डोंगर अगदी अंगावर येतो. मी मात्र डावीकडच्या खिडकीत बसले होते. तिकडे सह्याद्रीची मुख्य भिंत उभी असते. उन्हाळ्याच्या तोंडावर ती करडी, कोरडी दिसते, मधूनच पळस पेटलेले. मुंबईहून येणाऱ्या गाडीला ही भिंत ओलांडायची असते आणि त्या भिंतीच्या पायाशी कर्जत आहे. गावाचं सगळं काही तिथूनच सुरू होतं.

फलाटाच्या टोकाशी जाऊन तासभर उभी राहिले. पुण्याकडची एक गाडी आली, थांबली, आणि बाजूच्या रुळावर वाट पाहणारी इंजिनं सावकाश तिच्या शेपटीला येऊन टेकली. हीच बँकर. पुढचं इंजिन ओढतं आणि ही मागून रेटतात. घाट संपला की यांना सोडवतात, आणि ती पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात. बोरघाटातला चढ १ : ३७ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. पायी चालणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक घसरतं, आणि मागे शेकडो टनांची गाडी असते. आजोबांच्या "लागलं इंजिन"चा अर्थ मला त्या फलाटावर उभं राहून कळला.

या घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्याआधी, १८५६ पासून, गाडी खोपोलीपर्यंत यायची आणि पुढे खंडाळ्यापर्यंत पालखीतून किंवा तट्टावरून चढायचं. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे रूळ पडले, तरी मधला घाटाचा तुकडा जोडायला आणखी पाच वर्षं लागली. १८६१ च्या सुरुवातीला या कामावर ४२ हजार माणसं होती. कातळ सुरुंगाने फोडायचा, पावसाळ्यात दरडी अंगावर घ्यायच्या, आणि वर पटकी. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव निदान इतिहासात राहिलं. त्या ४२ हजारांपैकी जे घाटातच राहिले त्यांची नावं कुठे लावलेली मला दिसली नाहीत, आणि घाटाच्या वाटेवरच्या पळसदरीकडे तोंड करून उभी असताना ते फार टोचलं.

कर्जत स्टेशनवरचा प्रसिद्ध दिवाडकरांचा वडा अर्थातच खाल्ला. लसणाच्या चटणीने कान गरम झाले. या वड्याच्या नावलौकिकात चवीइतकाच वाटा बँकरचा आहे, असं मला मनापासून वाटतं. इंजिन जोडायला जी मिनिटं लागतात तेवढ्यात तळायचं, बांधायचं, खिडकीतून द्यायचं, सुट्टे परत करायचे. त्या मिनिटांवर किती घरं उभी राहिली असतील! फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत धावू लागली. तिला बँकर लागत नाही, कर्जतला ती थांबतही नाही. फलाटावरच्या एका वडेवाल्या दादांना तिच्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "छान गाडी आहे ताई. पण ती आमच्या गावाला बघतपण नाही." एवढं बोलून ते पुढच्या गाडीच्या दिशेने चालू लागले.

दुपारी शेअर रिक्षाने गावाबाहेर पडले. उल्हास नदी ओलांडली. ही राजमाचीच्या डोंगरातून उतरते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं गवत, उतारावर राब भाजल्याचे, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळल्याचे, काळे चौकोन, वाल काढून मोकळी झालेली शेतं. मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीचा हंगामही संपलेला. आणि एका वळणानंतर अचानक हिरवंगार! गुडघाभर भात, बांधाबांधाने डोंगराच्या दिशेने पसरलेला, खाचरांत पाणी चमकतंय. कोकणात भात पावसाळ्यातला, हेच मी शाळेत शिकले होते. मी रिक्षा थांबवली.

बांधावर एक काका फावड्याने पाणी वळवत होते.

"काका, एवढ्या उन्हाचं भात?"

"राजनाल्याचं पाणी आहे ना, ताई. वीज मुंबईला, पाणी आम्हाला."

त्या एका वाक्याचा अर्थ उलगडायला उरलेली दुपार गेली. काकांनी फावडं बांधावर टेकवून हाताने डोंगर दाखवत सांगितलं, ते असं. वर मावळात आंद्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण आहे. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला, म्हणजे ते पाणी खरं तर पूर्वेच्या समुद्राला जायचं. टाटांनी ते अडवून घाटमाथ्यावरून पश्चिमेला, नळांतून खाली सोडलं. भिवपुरीचं वीजघर १९२२ पासून त्यावर चालतं. चाकं फिरवून झाली की पाणी पायथ्याशी बाहेर पडतं आणि राजनाल्याच्या कालव्यातून या खाचरांत येतं. देहू-आळंदीच्या खोऱ्यातलं पाणी कर्जतच्या भाताला! आणि माझ्या दादरच्या घरात जो पंखा फिरतो त्या विजेतही या पाण्याचा वाटा असू शकतो. पाणी खाली येताना घाट उतरतं, गाडी वर जाताना घाट चढते, आणि दोघांच्या मध्ये हे गाव.

मुंबईला वीज नेणाऱ्या तारांची आणखी एक आठवण या पट्ट्यात आहे. १९४२ च्या लढ्यात माथेरानच्या भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईच्या कारखान्यांकडे वीज नेणारे मनोरे पाडले. त्याआधी पेशाने वकील असलेले हेच कोतवाल गरीब शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्यकोठ्या चालवत होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. काकांनी फावड्याच्या दांड्याने सिद्धगडाची दिशा दाखवली. उन्हाच्या धुरकटपणात काही दिसत नव्हतं, तरी आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो.

काकांच्या खाचरात कर्जत-३ होतं. गावाचं नाव ल्यालेलं हे वाण इथल्याच भात संशोधन केंद्रातून आलं. ते केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंढाण्याच्या लेण्यांकडे जाताना केंद्राच्या फाटकावरून गेले. लेणी दोन हजार वर्षांची, चैत्यगृहाची लाकडासारखी कोरलेली कमान अजून पाहण्याजोगी. पण खरं सांगते, त्या दिवशीही माझं मन भातातच होतं. वाटेत दर दोनशे पावलांवर एक फलक होता: फार्महाउस प्लॉट, नदीकाठी प्लॉट, डोंगर दिसणारा प्लॉट. घेणारे आपणच, मुंबईचे. बांध मोडून भराव टाकला की त्या खाचराच्या खालच्या खाचराला पाणी कुठून जाणार? एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असंच ते चालतं. मधलं एक गेलं की खालची सगळी तहानेली. जमीन विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. घेणाऱ्याने मात्र आधी एकदा बांधावर उभं राहून पाणी कुठून कुठे जातंय ते बघावं.

निघण्याआधी काकांच्या घरी गेले. ओटीवर कणगी, परड्यात पेंढ्याची उडवी. काकूंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. पाच किलो तांदूळ विकत मागितला तर पैसे पाचाचेच घेतले आणि वर दोन मुठी घातल्या. पिशवीचं तोंड सुतळीने बांधता बांधता म्हणाल्या, "बाय, अजून नवा तांदूळ आहे. पाणी बेतानं घाल, नायतर गिचका होईल."