खालून वर वाचायचा दगड

जागतिक वारसा दिन १८ एप्रिलला. पण तेव्हा शाळांच्या परीक्षा आणि डोक्यावर ऊन. मुलं कुठून आणणार? म्हणून आमच्या मंडळाने नोव्हेंबरातला १९ ते २५ तारखांचा वारसा सप्ताह धरला, आणि तो वर्षानुवर्षं नेमाने पाळला.

उद्घाटन व्हायचं तसंच व्हायचं. हार, नारळ, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण. खरी गर्दी जमायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळामागच्या फेरीला.

तिथे काही वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, आडवे पडलेले होते. इतिहासाचे सर मुलांना सांगायचे, "हा दगड खालून वर वाचायचा." तळाच्या चौकटीत लढाई, कुठे कुठे पळवून नेलेल्या गाई. त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, एवढाच अर्थ. मुलं बोट ठेवून वाचायची, भांडायची, "ही गाय नाही, घोडा आहे!" गधेगळापाशी, म्हणजे गाढवाचं चित्र कोरलेल्या दानाच्या दगडापाशी, मात्र सरांची पंचाईत. त्यावरची शिवी मुलांसमोर कशी सांगणार? "दान मोडणाऱ्याला शाप आहे," एवढं बोलून ते पुढे सरकायचे आणि मागची मोठी माणसं हसायची.

एका वर्षी नातवाबरोबर आलेल्या आजी शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे याच्यावर मी इतकी वर्षं धुणं आपटलं?" पुढच्या सप्ताहाच्या आत ते दगड कट्ट्याला टेकून उभे झाले होते. आमच्या कुठल्याच पत्रकाने हे साधलं नव्हतं.

चुन्याचं प्रात्यक्षिक माझं आवडतं. म्हातारे गवंडी चुना, वाळू मळायचे, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचे आणि सिमेंटवाल्यांचा उद्धार करायचे. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटने दगडांमधल्या दरजा भरल्या की ती आतच अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. विश्वस्तांना हे पटायला वेळ लागला. त्यांना खांबांना ऑइलपेंट द्यायचा होता, तोही चकचकीत. त्या संध्याकाळच्या बैठकीत आवाज बरेच चढले. रंगाचे डबे शेवटी कुंपणाच्या फाटकाला लागले.

वाद घालणं भागच होतं. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याचाही १९६० चा कायदा आहे. पण आमचं देऊळ दोन्हींपैकी कुठल्याच यादीत नाही. त्याला राखणार कोण? शेजारीपाजारीच.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ११ आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या नोव्हेंबरात खुर्च्या कमी पडल्या. रायगड, साल्हेरची चित्रं दाखवून झाल्यावर सरांनी मुलांना नेहमीचं काम दिलं: आपल्या आळीतली एक जुनी गोष्ट शोधायची, तिचं माप घ्यायचं, ती कोणी वापरली हे घरातल्या मोठ्यांना विचारून मंडळाच्या वहीत लिहायचं. वहीत धान्य साठवायचं पेव आलं, दिंडीदरवाजा आला, बुजत चाललेली बारव आली. एकाने आजोबांची स्कूटर लिहिली, मापांसकट. नोंद खोडावी का, यावर कार्यकारिणीत चर्चा झाली. सर म्हणाले, "राहू दे. माप बरोबर घेतलंय."