हायबरीच्या हिरवळीवरचा खून

लंडनमध्ये पिकॅडिली लाइनवर आर्सेनल स्टेशनला उतरलात, तर फलाटाच्या भिंतीकडे जरूर बघा. टाइल्समध्ये जुनं नाव अजून शाबूत आहे: गिलेस्पी रोड. आर्सेनल फुटबॉल क्लबचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांनी पिच्छा पुरवून 1932 साली स्टेशनलाच क्लबचं नाव लावून घेतलं. मॅनेजर असावा तर असा!

वर आलं की हायबरी, क्लबचं जुनं मैदान. 2006 साली क्लब जवळच्याच नव्या स्टेडियममध्ये गेला आणि इथे फ्लॅट झाले. जिथे गोल व्हायचे तिथे आता बाग आहे. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या स्टँडचे दर्शनी भाग तेवढे तसेच राखलेत.

या मैदानावर 1939 साली एक खून पडला. म्हणजे सिनेमात. ‘द आर्सेनल स्टेडियम मिस्ट्री’. शेजारच्या आजोबांनी, ‘इथे राहतोस आणि हा पाहिला नाहीस?’ म्हणत रविवारी दुपारी घरी बोलावून दाखवला. आर्सेनलविरुद्ध हौशी ट्रोजन्स संघाचा सामना, दुसऱ्या हाफमध्ये ट्रोजन्सचा एक खेळाडू कोसळतो, विषप्रयोग निघतो. मग येतो इन्स्पेक्टर स्लेड, दर थोड्या वेळाने टोपी बदलणारा. रहस्य बेताचंच आहे, खरं सांगायचं तर.

पण खेळाडू खरे! क्लिफ बॅस्टिन, एडी हॅपगुड स्वतःच्याच भूमिकेत, शाळेच्या गॅदरिंगला उभं केल्यासारखे अवघडलेले. भाव खाऊन जातात ते मॅनेजर जॉर्ज अ‍ॅलिसन. चॅपमन गेल्यावर संघ यांच्याकडे आला. मूळचे पत्रकार, शिवाय 1927 च्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलचं रेडिओ समालोचन केलेले, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर बुजण्याचा प्रश्नच नव्हता. मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये ते पोरांना बजावतात, आर्सेनल एक-शून्यने पुढे आहे, आपल्याला हेच आवडतं. ‘वन-निल टू द आर्सेनल’ हे इथले लोक आजही गातात.

मैदानावरची बरीच दृश्यं 6 मे 1939 च्या खऱ्या सामन्यातली आहेत. समोर ब्रेंटफर्ड, मोसमातला शेवटचा सामना. सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि पुढचा मोसम तीनच सामन्यांनंतर गुंडाळला गेला.

आजोबांचे वडील त्या दिवशी स्टँडात होते म्हणे. गर्दीचं दृश्य आलं की आजोबा सिनेमा थांबवतात, चष्मा सारखा करून पडद्याजवळ जातात. हजारो माणसं, जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर एकसारखीच टोपी. त्या रविवारी तीनदा थांबवला.