ढ, जसाच्या तसा

भाची पाचपाखाडीला राहते, इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे. रविवारी ती माझ्याकडे नौपाड्यात आली की तासभर मराठीची वही उघडायची, असा तिच्या आईचा हुकूम. परवा तिने सलग तिसऱ्यांदा ड आणि ढची अदलाबदल केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, काय ढ आहेस गं!"

वाटलं, आता भोकाड पसरणार. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मामा, मी ढ, तर मग तू कुठलं अक्षर?"

मूर्खाला मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. खुळा, बावळट, येडपट, ठोंब्या, मठ्ठ, शंख. शुंभ तर देवीशी लढलेला अख्खा दैत्य, पण आमच्या घरात तो दारात 'शुंभासारखा' उभा राहण्यापुरताच उरला. आमच्या ठाण्यातलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, त्यामुळे मुंबईचे नातेवाईक अजूनही 'याला ठाण्याला पाठवा' म्हणून खिदळतात. (आजाराला मूर्खपणा समजणाऱ्यालाच खरं तर ढ म्हणावं, पण ते असो.)

या सगळ्या गोतावळ्यात एका अक्षरात काम भागवणारा ढच. वेडा मुलगा, वेडी मुलगी, वेडं पोर असं होतं. ढचं तसं नाही. ढ मुलगा, ढ मुलगी, ढ पोरं. लिंग बदला, वचन बदला, हा आपला ढिम्म.

शाळेत आमच्या बाई यामागची गोष्ट सांगायच्या. ब्राह्मी या जुन्या लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येताना बाकीची अक्षरं बदलत गेली, ढ मात्र होता तिथेच राहिला. म्हणून वर्षानुवर्षं त्याच इयत्तेत बसणारा, तो ढ. मला ती थाप वाटायची. पुढे कधीतरी ब्राह्मीचा तक्ता हातात आला. ही लिपी जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास उलगडली. आपल्याच पणजोबांचा फोटो बघावा आणि चेहरा ओळखू येऊ नये, तसं झालं. क म्हणजे बेरजेचं चिन्ह, ग म्हणजे घराचं छप्पर, र नुसती उभी रेघ. आणि त्या अनोळखी गर्दीत ढ! डोक्यावरची रेघ सोडली तर अगदी आपलाच.

पण शेजारीपाजारीही काही फार शिकलेले नव्हते. तेव्हाचा ट अर्धा गोल, ठ पूर्ण गोल. पुढे त्यांना मान फुटली आणि वर रेघ आली, एवढीच काय ती प्रगती. तरी नाव ठेवलं ते ढला. ठाण्यात राहणाऱ्याने तर हसूच नये, आमच्या गावाच्या नावातल्या ठ आणि णच्या मधेच तो बसलेला असतो. सम्राट अशोकाच्या ब्राह्मीत कोरलेल्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्याला सापडला. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे ब्राह्मीही आमच्या घरचीच.

बाईंच्या गोष्टीइतकाच मला 'मूढ' आवडतो. कदाचित त्याच्याच शेपटीमुळे ढ एवढा बदनाम झाला असेल. मूढ हा संस्कृतातल्या मुह् धातूचा, म्हणजे मोहाचा सख्खा भाऊ. गंमत अशी की त्याच धातूला तोच प्रत्यय लागून मुग्धही होतो. जुन्या संस्कृतात मुग्ध म्हणजे भोळा, वेडगळसुद्धा. पुढे एक भाऊ कवितेत जाऊन बसला आणि हौसेने मुलींचं नाव झाला. दुसरा मूढच राहिला.

यातलं भाचीला काय सांगणार? "मी ठ," म्हटलं. "ठाण्याचा."

"की ठोंब्याचा?" हा शब्द तिला आजीने पुरवलेला.

एव्हाना तिने चिडून ओळभर ढ काढले होते. चांगले ठसठशीत, एकही ड नव्हता. डोक्यावरची रेघ मात्र राहिली होती, ती सगळ्यांना एकदमच मारणार होती म्हणे. मग पट्टी शोधायला ती आतल्या खोलीत गेली आणि तेवढा वेळ माझ्यासमोर वहीत अशोकाच्या काळचे नऊ ढ उघड्या डोक्याने रांगेत उभे होते.