तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही पण तिथेच होतो, मग हा फोटो आम्हाला का नाही मिळाला?

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचे फोटो टाकले की हा प्रश्न येतोच, आणि गंमत म्हणजे विचारणारा बऱ्याचदा त्या सकाळी माझ्या शेजारीच उभा असतो. "अरे आपण एकत्रच होतो ना, मग तुला हे कुठे दिसलं?" त्याला जोडून कॅमेरा कुठला हे पण असतं. ते आधी उरकतो, बरेचसे फोटो फोनवरचे आहेत आणि फोन काही फार भारी नाहीये.

तर आल्या आल्या मलाही तो फोटो दिसत नाही. वाईहून आलात, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे नदीकडे उतरलात की समोर कृष्णा, अर्धगोल पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ, आपण वरच्या पायरीवर उभे, फोन छातीशी, क्लिक. हा फोटो मीही काढतो, काढून टाकला की डोक्यातून जातो म्हणून. नेटवर तो ढिगाने आहे. मग मात्र मी फोन खिशात घालतो आणि नुसता फिरतो, मंडईत भाजी घ्यायच्या आधी एक फेरी मारतो ना तसं. ऊन कुठून येतंय, सावली कुठे संपतेय, पाणी किती आहे (वर धोमचं धरण आहे, त्यामुळे मागच्या खेपेला सापडलेलं प्रतिबिंब या खेपेला असेलच असं नाही).

घंटेचंच सांगतो. घाटाजवळ छोट्याशा दगडी देवळीत एक मोठी घंटा टांगलेली आहे, पोर्तुगीज घंटा, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्या मोहिमेतून आलेली. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, शंकराच्या देवळाशेजारी! आता ही गोष्ट फोटोत कशी यायची? समोरून काढलं तर नुसती घंटा येते, कुठल्याही चर्चमधली वाटेल अशी. मग मी अगदी जवळ जातो, वन एक्सवरच, म्हणजे झूम न करता, तर घंटा अवाढव्य होते आणि मागचं देऊळ काडेपेटीएवढं. तेच चांगलं लांब मागे सरकून थ्री एक्स, म्हणजे तिप्पट झूम, लावलं की घंटा फ्रेममध्ये साधारण तेवढीच राहते पण देऊळ मोठं होऊन तिच्या पाठीशी येऊन बसतं. लोकांना वाटतं ही लेन्सची जादू, पण हे होतं तुम्ही उभे कुठे राहिलात त्यामुळे, लेन्स फक्त कडा कापते. म्हणून शिकणाऱ्यांना मी सांगतो की सुरुवातीला झूमला हातच लावू नका, पाय वापरा. मग खाली बसायचं, दोन पावलं डावीकडे जायचं, आणि मेरी उन्हात उजळून दिसते पण देऊळ खांबामागे जात नाही अशी एक जागा असते, वीतभर इकडेतिकडे झालं की गेली. ती वरच्या पायरीवरून कोणालाच दिसणार नाही, मलाही नाही.

उन्हाचं थोडक्यात: सकाळी ते कडेने येतं तेव्हा प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ उमटते, डोक्यावर आलं की सगळा घाट सपाट. फोनवर उजळ भागावर टॅप करून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं खाली ओढा, दगड दगडासारखा दिसायला लागतो.

हे जागा बदलत जाणं फक्त देवळांपुरतं नाहीये. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा 'मायग्रंट मदर' हा गाजलेला फोटो बघितला असेल, गालाला हात लावून बसलेली आई, दोन्ही बाजूंना तोंड फिरवलेली पोरं. १९३६, कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ. लँगबाई आधी तो तळ ओलांडून पुढे निघून गेल्या होत्या, जवळपास वीस मैल, आणि मग गाडी वळवून परत आल्या. तिथे त्यांनी मोजक्याच फ्रेम घेतल्या, आधी लांबून तंबूसकट, मग जवळ, अजून जवळ. बाकीच्या फ्रेमही उपलब्ध आहेत, एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा, कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकाल असं माझं मत आहे. पहिल्या फ्रेमवर थांबल्या असत्या तर तंबूतल्या एका कुटुंबाचा फोटो मिळाला असता, बस्स.

माणसांच्या बाबतीत मात्र नुसतं सरकत जाऊन चालत नाही. घाटावर बायका धुणं धूत असतात, त्यांना लांबून झूम करून टिपणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. आधी बोला. "मावशी, एक फोटो काढू का?" म्हटलं की एखादी नको म्हणते, विषय संपला, एखादी म्हणते "थांब, पदर तरी नीट घेऊ दे" आणि मग ताठ उभी राहून कॅमेऱ्याकडे बघते. तो फोटो काढायचा, तिला दाखवायचा, आणि तिथेच पायरीवर बसून राहायचं. थोड्या वेळाने ती तुम्हाला विसरून पुन्हा धुणं आपटायला लागते, पाणी उडतं, ते उन्हात चमकतं, आणि तुम्हाला उन्हाची दिशा आधीच माहीत असते कारण मघाशी फेरी मारलीये.

मग किती काढायचे, हाही प्रश्न असतोच. भरपूर काढा, फक्त एकाच जागेवरून बटण दाबत राहू नका, दर वेळी काहीतरी हलवा, तुम्ही तरी किंवा फोन तरी. आणि तिथल्या तिथे डिलीट करत बसू नका, घरी मोठ्या स्क्रीनवर ओळीने बघा म्हणजे आपण कुठून कुठे सरकलो ते कळतं, आणि कुठे कंटाळून थांबलो तेही.

जाणार असाल तर मधल्या वारी जा. रविवारी प्री-वेडिंगवाले असतात, त्यांचा धुराचा डबा आणि ड्रोन सुरू झाला की तुम्ही कितीही पाय वापरा, काही उपयोग नाही.