कन्सोलच्या खिडकीतून सर्व्हर सावरताना

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्याचे संगणक मी सांभाळतो. तेथे एकाच मोठ्या संगणकावर, म्हणजे होस्टवर, केव्हीएम या सॉफ्टवेअरच्या आधाराने दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतले आभासी संगणक, चालतात. त्यांपैकी उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या मशीनमध्ये सुताचा साठा, मागांचे रोजचे उत्पादन आणि बिले असतात. गड्डा यात्रेच्या सुट्टीत कारखाना बंद होता, म्हणून मी जुळे सोलापुरातल्या घरी बसूनच त्या मशीनला बॅकअपसाठी नवीन डिस्क जोडली, मशीन सुरू होताना ती आपोआप माउंट व्हावी, म्हणजे वापरासाठी जोडली जावी, यासाठी डिस्कची यादी असलेल्या एफस्टॅब फाइलमध्ये एक ओळ लिहिली आणि रीस्टार्ट दिला. मशीन परत आलेच नाही. मशीन जागे आहे का हे विचारणाऱ्या पिंगला उत्तर मिळेना, दुरून आत शिरायचे एसएसएच लागेना.

गाडी काढून कारखान्यात जावे, असे क्षणभर वाटले. पण यात्रेच्या गर्दीतून वाट काढत तेथे पोहोचून होस्टला मॉनिटर जोडला असता, तरी त्यावर होस्टचाच पडदा दिसला असता. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा मॉनिटर नसतो, त्याचा पडदा पाहायचा तो कन्सोल नावाच्या खिडकीतूनच. होस्ट सुदैवाने चालू होता. त्यामुळे लॅपटॉपवरच्या व्हर्ट-मॅनेजर या प्रोग्राममधून, एसएसएचमार्गे होस्टशी जोडून, मी कन्सोल उघडला.

पडद्यावर एका डिस्कची वाट पाहणे चालले होते आणि दीड मिनिटाची मुदत सरत होती. मुदत संपली, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे बिघाड दुरुस्त करायच्या अवस्थेत, गेले आणि रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेले खाते, कुलूपबंद असल्यामुळे प्रवेश देता येत नाही, असा संदेश आला. उबुंटूमध्ये रूटला मुळात पासवर्डच दिलेला नसतो, हे मला ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र त्या संध्याकाळी कळला. दोष कोठे आहे हे पाच मिनिटांत समजले होते. पुढचा दीड तास गेला तो योग्य क्षणी योग्य कळ मशीनपर्यंत पोहोचवण्यात.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबले, तर ते माझ्याच लॅपटॉपने घेतले आणि लॉगआउट करायचे का, असे विचारले. ते मशीनला पाठवायचे असेल, तर खिडकीच्या वरच्या मेनूतील ‘सेंड की’ वापरावे लागते. माउसचा बाण एकदा आत अडकला, तो डावीकडचे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यावर सुटला. आत शिरायची वाट उरली होती ती मशीन सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या मेनूतून, पण तो मेनू लपवलेला होता. शिफ्ट धरून ठेवण्याचा उपयोग झाला नाही. रीसेट देऊन लगेच खिडकीत क्लिक करायचे आणि एस्केप दाबायचे, असा प्रयत्न मी किती वेळा केला, ते मोजले नाही. क्लिकला उशीर झाला, की मशीन पुढे निघून जाई. एस्केप जास्त वेळा दाबला, की मेनूऐवजी ग्रबची नुसती कमांडची ओळ समोर येई. त्या ओळीवर ‘नॉर्मल’ असे टाइप केले तर मेनू परत येतो, हे आठवले तेव्हा कोठे गाडी रुळावर आली.

मेनूत ‘ई’ दाबून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सुरू करणाऱ्या ओळीतील ‘आरओ’च्या (फक्त वाचा) जागी ‘आरडब्ल्यू’ (वाचा आणि लिहा) केले, ओळीच्या शेवटी इनिट, म्हणजे पहिला प्रोग्राम, म्हणून कमांड घेणारा बॅशच थेट सुरू करण्याची सूचना जोडली आणि कंट्रोल-एक्स दाबले. बॅशचा प्रॉम्प्ट दिसला. एफस्टॅब उघडल्यावर चूक स्पष्ट झाली: डिस्कची माहिती पाहताना फाइल सिस्टिमची ओळख असलेल्या यूयूआयडीऐवजी शेजारचा, डिस्कच्या विभागाची ओळख असलेला पार्टयूयूआयडी मी उचलला होता. या खिडकीत कॉपी-पेस्ट चालत नाही आणि 32 अक्षरांचा आकडा हाताने टाइप करून नवी चूक करायची माझी तयारी नव्हती, म्हणून ती ओळ वाचलीच जाऊ नये यासाठी तिच्यापुढे फक्त हॅश (#) ठेवला. येथे साधी रीबूट कमांडही चालत नाही, कारण ती ज्याच्याकडे जाते तो, बाकीच्या सेवा चालवणारा सिस्टिमडी सुरूच झालेला नसतो. म्हणून सिंक करून, म्हणजे बदल डिस्कवर उतरवून, सक्तीचा रीबूट दिला. मशीन नेहमीसारखे उठले.

यूयूआयडी नंतर एसएसएचवरून कॉपी करून टाकला, सोबत ‘नोफेल’ लिहिले, म्हणजे पुढे डिस्क सापडली नाही तरी मशीन अडून बसणार नाही. एफस्टॅबला हात लावल्यावर रीस्टार्टपूर्वी त्यातल्या डिस्क जोडून पाहणारी ‘माउंट-ए’ कमांड चालवून पाहणे मी आता सोडत नाही. रूटलाही पासवर्ड दिला आणि तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून मालकांच्या हाती दिला. ते कपाटात ठेवताना त्यांनी पाकीट उजेडात धरून पाहिले आणि विचारले, “चेक हाय का ह्यात?”