अँटेना मोजायला निघालो आणि एजीसीने मामा बनवलं

बरेच दिवस डोक्यात होतं म्हणून शेवटी घराच्या वर एफएम रेडिओसाठी तीन एलिमेंटची, म्हणजे तीन दांड्यांची, यागी अँटेना बांधली. ॲल्युमिनियमचे पाइप, हॅकसॉ, दोन सुट्ट्या आणि एक कापलेलं बोट असा एकूण खर्च. खाली येऊन मोठ्या उत्साहाने रेडिओ लावला तर आवाज डिट्टो आधीसारखाच. म्हणजे खिडकीला लोंबकळणारी जुनी वायर होती तेव्हा जसा यायचा तसाच. आता हे काय म्हणायचं, अँटेना वाईट झालीये की रेडिओ बहिरा आहे?

थोडं डोकं खाजवल्यावर कळलं की प्रश्नच चुकीचा विचारतोय. एफएममधे आवाज सिग्नलच्या उंचीत नसतोच, तो फ्रिक्वेन्सीच्या हलण्यात असतो, आणि रेडिओतला लिमिटर वरची उंची सरळ छाटून टाकतो, त्यामुळे सिग्नल एका पातळीच्या वर गेला की मग तो दुप्पट होऊ दे नाहीतर शंभरपट, कानाला काडीचा फरक कळत नाही. एक फुकटातला उपाय मात्र आहे, स्टिरिओचा दिवा. स्टिरिओ नीट यायला मोनोपेक्षा साधारण २० डीबी जास्त सिग्नल लागतो (डीबी म्हणजे ताकद कितीपट ते सांगायची पट्टी, दर १० डीबीला दहापट), म्हणून काठावरचं एखादं स्टेशन धरायचं आणि स्टिरिओत खरखर वाढते की कमी होते ते बघायचं. हे मी केलं, फरक जाणवला, पण "जाणवला" म्हणजे किती? मला आकडा हवा होता. आणि खरी फील्ड स्ट्रेंथ मीटर किंवा स्पेक्ट्रम ॲनालायझरची (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) किंमत बघितल्यावर तो टॅब मी गुपचूप बंद केला.

मग जुन्या पद्धतीने गेलो. जर्मेनियम डायोड, एक छोटा कपॅसिटर, हातभर वायर आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. पाच मिनिटांचं काम आहे आणि वॉकीटॉकी शेजारी धरून बटण दाबलं की आकडा मस्त उडी मारतो. पण माझ्या लांबच्या स्टेशनवर? शून्य. अगदी ढिम्म. आणि त्यात डायोडची काही चूक नाही. अँटेनाच्या टोकाला ५० डीबीमायक्रोव्होल्ट (म्हणजे एका मायक्रोव्होल्टच्या ५० डीबी वर) सिग्नल असला, जो रेडिओच्या दृष्टीने बरा म्हणायचा, तरी तो म्हणजे जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट, आणि डायोड नीट वाहायला व्होल्टचा पाव भाग तरी मागतो, एवढ्याशा सिग्नलवर त्याच्यातून बाहेर पडणार दोनेक मायक्रोव्होल्ट, ते मल्टिमीटरला कुठून दिसणार. शिवाय त्याला ट्यूनिंगच नाही, आसपास जे काही हवेत असेल ते सगळं एकत्र मोजतो. तुमच्याकडे ट्रान्समीटर असेल आणि त्याची अँटेना जुळवायची असेल तर मात्र हे डायोडचं खेळणं झकास आहे.

जुन्या रिसीव्हरचा एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, पण काढून बघितला. नियम तसा छान आहे, ३० मेगाहर्ट्झच्या खाली एस९ म्हणजे ५० ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजेच उणे ७३ डीबीएम (एका मिलिवॉटच्या ७३ डीबी खाली), वरच्या बँडला ५ मायक्रोव्होल्ट म्हणजे उणे ९३, आणि एक एस म्हणजे ६ डीबी. हे झालं कागदावर. माझ्या रिसीव्हरवर खालच्या खुणा एकमेकींना इतक्या चिकटल्यात की एस३ ते एस५ जायला नुसतं बघितलं तरी पुरतं.

मधे एका मित्राने नॅनोव्हीएनए नावाचं अँटेना तपासायचं छोटं यंत्र आणून दिलं, म्हणाला घे, याच्याने सगळं कळेल. छान वस्तू आहे, पण ती सांगते अँटेना केबलशी किती जुळते, किती परत फेकते. पकडते किती ते नाही सांगत. केबलच्या टोकाला नुसता ५० ओहमचा रेझिस्टर लावला तर त्याचा एसडब्ल्यूआर (जुळणीचा आकडा, १ म्हणजे एकदम परफेक्ट) एकदम १ येतो, आणि त्यावर तुम्ही जन्मभर एकही स्टेशन ऐकू शकणार नाही! हे मित्राला सांगितलं तर तो रुसला, असो.

शेवटी ड्रॉवरमधे पडलेला टीव्हीचा डोंगल बाहेर काढला. आरटीएल२८३२यू चिपवाला. ही चिप मुळात डिजिटल टीव्हीसाठी बनवलेली, पण २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की ती कच्चे सॅम्पल जसेच्या तसे कॉम्प्युटरला देऊ शकते, आणि तेव्हापासून गरिबांचा स्पेक्ट्रम ॲनालायझर म्हणून ती फेमस आहे. आर८२०टी२ ट्यूनर असेल तर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ. ८ बिटचंच काम आहे, त्यामुळे फार अपेक्षा ठेवायच्या नाहीत, पण मला कुठे उपग्रह सोडायचाय.

लावलं, स्टेशनचा डोंगर स्क्रीनवर दिसला, आकडा लिहिला. वायरवर उणे ३१. मग यागी लावली, उणे ३१. वायर, यागी, वायर, यागी, तासभर वर-खाली केलं आणि आकडा जागचा हलेना. पाइप मोडून भंगारात द्यायच्या बेतात होतो तेव्हा सेटिंगमधे एक बारकी टिकमार्क दिसली. एजीसी. म्हणजे सिग्नल वाढला की गेन (सिग्नल आत किती फुगवायचा ते) आपोआप कमी करायचा, कमी झाला की वाढवायचा, थोडक्यात जे मोजायला मी बसलो होतो तेच पुसून टाकायचं हेच त्याचं काम. आणि असे एजीसी दोन असतात हे पण लक्षात ठेवा, एक ट्यूनरचा आणि एक चिपचा स्वतःचा. दोन्ही बंद करून गेन हाताने एका आकड्यावर ठेवायचा आणि मग त्याला मोजणी संपेपर्यंत बोट लावायचं नाही.

आता गेन किती ठेवायचा? मी पहिल्यांदा सगळ्यात वर, ४९.६ वर ठेवला, जास्त म्हणजे चांगलं या हिशोबाने. तर जिथे स्टेशन नाही तिथे पण स्टेशनं उगवली. जवळचा दणकट ट्रान्समीटर डोंगलच्या डोक्यावर बसला की तो असली भुतं तयार करतो. ओळखायची युक्ती सोपी आहे, मधे ३ डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) टाका, खरं स्टेशन ३ डीबी खाली येतं, भूत बहुतेक ९ डीबीने कोसळतं. मी भुतं गायब होईपर्यंत गेन उतरवत गेलो.

ॲटेन्युएटर विकत घ्यायची गरज नाही. १०० ओहम जमिनीला (म्हणजे ग्राउंडला), मधे ६८ ओहम, परत १०० ओहम जमिनीला. झालं. ५० ओहमच्या लाइनवर हिशोब केला तर ९.७ डीबी येतात आणि जुळणी पण बिघडत नाही. रेझिस्टरचे पाय मात्र अगदी छोटे कापा, आणि पत्र्याच्या डबीत बसवलं तर उत्तम. याचा खरा उपयोग डोंगल खरं बोलतोय का ते तपासायला, कारण डोंगल जो आकडा दाखवतो तो डीबीएम नसतोच, तो "माझ्या कमाल पातळीपेक्षा किती खाली" एवढंच सांगतो. डबी मधे घातली आणि आकडा साडेनऊच्या आसपास खाली आला, दोन डब्या लावल्या तर एकोणीसच्या आसपास. म्हणजे पट्टीच्या खुणा बरोबर आहेत, शून्य कुठे आहे ते माहीत नाही एवढंच. आणि मला शून्याशी काय करायचंय, मला तर यागी विरुद्ध वायर एवढंच बघायचं होतं! ज्याला खरोखर डीबीएम हवेत त्याने टायनीएसए नावाचा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर बघावा, १०० किलोहर्ट्झ ते ९६० मेगाहर्ट्झ, स्वतःला स्वतः कॅलिब्रेट करतो.

आणि ज्याला लॅपटॉप घेऊन वर जायचा कंटाळा आहे त्याने डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीने हाताळणाऱ्या) चिपवाला खिशातला रेडिओ बघावा. एसआय४७३५ सारख्या चिपा सिग्नल थेट डीबीमायक्रोव्होल्टमधे आणि शेजारी सिग्नल-टू-नॉइज पण देतात, काही रेडिओंच्या स्क्रीनवर ते दोन्ही आकडे सरळ दिसतात. ५० ओहम धरून त्यातून १०७ वजा केले की डीबीएम. खरं सांगायचं तर हे आधी माहीत असतं तर मी निम्मे उपद्व्याप केले नसते. टीईए५७६७ या एफएम चिपचं स्वस्त मॉड्यूल मात्र घेऊ नका, ते ० ते १५ एवढ्याच पायऱ्या दाखवतं, त्यात काय मोजणार.

तर मोजणी. तुलनेला वायर ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून १.४३ मीटरचा साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेली सरळ दांडी) बनवला, १०० मेगाहर्ट्झची अर्धी लांबी १.५ मीटर, त्यातून पाचेक टक्के कापायचे. तीच केबल, तीच उंची, तोच आडवा कोन, आणि क्रम नेहमी डायपोल-यागी-डायपोल. दोन डायपोलचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर मधला फेकून द्यायचा, कारण हवा बदलली. पहिल्या दिवशी एकही जुळेना. मग कळलं की मी स्वतःच अँटेनाशेजारी उभा राहतोय. बाजूला झालो तर थोडं सुधारलं, पण अँटेना पाऊण मीटर सरकवली की आकडा ८-१० डीबीने खाली-वर. सरळ येणारी लाट आणि मागच्या भिंतीवरून परत आलेली लाट एकमेकांत मिसळतात, ३ मीटरच्या लाटेला शिखर आणि खड्डा यांच्यात बरोबर पाऊण मीटरचं अंतर. एका जागेवरच्या आकड्याला काही किंमत नाही म्हणजे. पाच जागा घेतल्या, सरासरी काढली. यागी डायपोलपेक्षा ५ डीबी पुढे! बोट कापल्याचं सार्थक झालं.

पण त्याच वेळी खालच्या नॉइजकडे, म्हणजे सिग्नल नसताना पण असणाऱ्या खरखरीकडे, लक्ष गेलं, तो यागीवर ३ डीबीने वर आलेला. म्हणजे हातात पडले दोनच. लॅपटॉपचा चार्जर काढला तसा नॉइजचा अख्खा गालिचा खाली बसला, यागीचं तोंड नेमकं त्याच्याकडे होतं. तेव्हापासून वहीत दोन रकाने केलेत, सिग्नल आणि नॉइज, आणि मी बघतो ती फक्त वजाबाकी. शॉर्टवेव्हवाल्यांना तर यासाठी डब्ल्यूएसपीआर (अगदी कमी ताकदीचे सिग्नल कुठे किती पोहोचतात ते नोंदवणारी पद्धत) आहेच, २००८ साली जो टेलर यांनी काढलेलं, तेच नोबेलवाले, दोन अँटेनांवर दोन रिसीव्हर एकाच वेळी चालू ठेवायचे आणि रात्रभरात दर दोन मिनिटांनी सिग्नल-टू-नॉइजचे आकडे आपोआप जमा होतात.

मग पहिला प्रश्न परत आला, वर ५ डीबी मिळतात तर खाली रेडिओला काहीच का कळलं नाही? डोंगल वर अँटेनापाशी लावून मोजलं, मग खाली केबलच्या टोकाला मोजलं. जवळपास साडेतीन डीबी वाटेतच गायब. २० मीटर आरजी-५८ (पातळ कोॲक्स केबल) टाकली होती मी, घरात पडलेली होती म्हणून. १०० मेगाहर्ट्झला ती एवढं खाणारच, आणि खिडकीतल्या वायरला केबलच नव्हती! आता टीव्हीची आरजी-६ आणलीये, ती तेवढ्याच लांबीत सव्वा-दीड डीबीवर भागवते. ती ७५ ओहमची आहे म्हणून मित्र परत कुरकुरला, पण ५० आणि ७५ च्या जुळणीतला तोटा ०.१८ डीबी, तो माझ्या हाताच्या थरथरीत जातो.

काल स्टिरिओचा दिवा तासभर एकदाही विझला नाही. वरच्या कनेक्टरला सेल्फ-ॲमलगमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून पाणी अडवणारी) गुंडाळायची राहिलीये, ती या रविवारी.