मावशीच्या घड्याळाचे मशीन उघडताना

माझी मावशी परिचारिका होती. रुग्णाची नाडी मोजताना ती ज्या घड्याळाच्या सेकंद काट्याकडे पाहत असे, ते जपानी मशीनचे छोटे क्वार्ट्झ घड्याळ गेल्या वर्षी बंद पडले. नवा सेल घालूनही ते चालेना. दुकानात सांगितले की मशीनच बदलून घ्या, दुरुस्तीपेक्षा ते स्वस्त पडेल. हिशोबाने ते बरोबरच होते, पण नेमके काय बिघडले आहे हे पाहिल्याशिवाय ते मशीन टाकून देण्यास माझे मन तयार होईना.

मागचे झाकण काढले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस पूर्वी सेल बदलल्याच्या दोन तारखा सुईने कोरलेल्या दिसल्या. सेलच्या पट्टीवर हिरवट-पांढरा थर जमला होता, म्हणजे आधीचा सेल गळला होता. तो थर काडीला गुंडाळलेल्या कापसावर व्हिनेगरचा अंश घेऊन पुसला आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा कोरडी केली. या मशीनला ६२६ मापाचा, ६.८ मिलिमीटर व्यासाचा सेल लागतो. त्याच मापात अल्कलाइन सेल स्वस्त मिळतो, परंतु त्याचा विद्युतदाब वापराबरोबर हळूहळू उतरत जातो. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.५५ व्होल्ट देत राहतो, म्हणून मी तोच घातला.

घड्याळ तरीही चालले नाही. पण भिंगातून पाहिल्यावर सेकंद काटा दर सेकंदाला जागच्या जागी किंचित थरथरताना दिसला, आणि त्या थरथरण्याने अर्धे निदान करून टाकले. आतील क्वार्ट्झचा चिमट्याच्या आकाराचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. सर्किट तिला पंधरा वेळा निम्मे करते तेव्हा सेकंदाला विजेचा बरोबर एक ठोका उरतो. तो ठोका केसाहून बारीक तारेच्या कॉइलमध्ये एकदा एका दिशेने, पुढच्या वेळी उलट दिशेने जातो, आणि प्रत्येक ठोक्याला चुंबकाचा इवलासा रोटर अर्धा फेरा घेतो. काटा थरथरत होता, याचा अर्थ स्फटिक, सर्किट आणि कॉइल ही तिन्ही शाबूत होती. ठोका पोहोचत होता, रोटरला फिरता येत नव्हते.

चावी काढून, डायलवर पातळ प्लास्टिक अंथरून काटे उचलले आणि मशीन केसमधून बाहेर घेतले. कॉइलच्या आसपास स्क्रूड्रायव्हर नेताना मी श्वास रोखून धरला होता, कारण पाते निसटून तार तुटली की ती जोडता येत नाही. वरचा पूल, म्हणजे चाकांची वरची टोके धरणारी पट्टी, उचलल्यावर रोटर दिसला, आणि त्याच्या कडेला चिकटलेला लोखंडाचा एक काळा कण. साध्या डोळ्यांना तो धुळीचा ठिपकाच वाटला असता. रोटर स्वतः चुंबक असल्याने असा कण तो आपणहून ओढून घेतो आणि भोवतालच्या चिंचोळ्या फटीत अडकवून ठेवतो. म्हणून येथे पोलादी चिमटा चालत नाही, पितळी लागतो. कण फुंकरीने हलेना. घड्याळजी वापरतात ती कणकेसारखी मऊ, चिकट पुट्टी टोकदार करून दोनदा टेकवली, तेव्हा तो निघाला.

चाके पुन्हा बसवण्याला उघडण्याच्या तिप्पट वेळ लागला. चार चाकांची वरची टोके एकाच वेळी आपापल्या छिद्रांत उतरावी लागतात. पूल जवळजवळ बसला असे वाटून मी स्क्रू फिरवायला घेतला, तोच एक कोपरा किंचित उचललेला दिसला. तसाच आवळला असता तर चाकाचे टोक मोडले असते. पूल आपल्या वजनाने सपाट बसेपर्यंत चाके एकेक करून हलवली, मगच स्क्रूला हात लावला. तेल कोठेही घातले नाही: चाके स्वच्छ होती, प्लास्टिकच्या भागांना त्याची गरज नव्हती आणि जादा तेल धूळ धरते.

सेल ठेवताच काटा पुढे सरकला. पंधरा दिवस मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिले, तेव्हा घड्याळ पाच सेकंद पुढे होते. अशा मशीनला महिन्याला वीस सेकंदांपर्यंतचा फरक चालतो. सेलची क्षमता सुमारे २८ मिलीअँपिअर-तास आणि मशीनचा खर्च एक मायक्रोअँपिअरच्या आसपास, म्हणजे साधारण तीन वर्षे. झाकण बंद करण्यापूर्वी जुन्या दोन तारखांखाली मी तिसरी कोरली, आणि तो सेल गळण्याआधी काढून घ्यायचे वर्ष मावशीच्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवले.